जिरेनियमचं सेंद्रिय तेल घरच्या भट्टीत: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी रोपापासून बाटलीपर्यंत

शंभर किलो ताज्या पाल्यातून जिरेनियमचं तेल निघतं साधारण १०० ग्रॅम. जात, हंगाम आणि कापणीची वेळ जुळून आली तर ते दीडशेच्या आसपास जातं. पावसात भिजलेला, जून काड्यांचा पाला भरला तर सत्तरही मिळत नाही. घरच्या २० लिटरच्या भांड्यात तीन किलो पाला मावतो, म्हणजे एका खेपेला तीन ग्रॅम, फार तर चार. हा आकडा आधी मनाशी पक्का करा. भट्टीपाशी तेल वाढवता येत नाही. पानात जेवढं तयार झालंय तेवढंच मिळतं, आणि तेही वाटेत सांडत जातं: कुजलेल्या मुळांपाशी, तापलेल्या गोणीत, आचेच्या घाईत, वाफ गार करणाऱ्या पण स्वतःच तापलेल्या कंडेन्सरमध्ये, आणि सगळ्यात जास्त त्या पाण्यात, जे बरेच नवखे तेल काढून झालं की मोरीत ओतून देतात. पुढे जे लिहिलंय ते या सांडण्याच्या जागा बंद करण्याबद्दल आहे.

झाड तेच आहे ना?

नर्सरीत नुसतं ‘जिरेनियम’ मागितलं तर बहुतेक वेळा लाल-केशरी फुलांच्या मोठ्या गुच्छांचं, गोलसर पानावर गडद पट्टा असलेलं शोभेचं झाड पुढे येतं. त्यातून तेल निघणार नाही. तेलाचं झाड म्हणजे पेलार्गोनियम ग्रॅव्हिओलेन्स आणि त्याच्या जवळचे संकर. पान खोलवर कातरलेलं, हाताला लव लागणारं. फुलं बारीक, फिकट गुलाबी. आणि पान बोटात नुसतं चुरडलं तरी गुलाबाला लिंबाची किनार असावी असा वास. फुलांवर जाऊ नका, पान चुरडून बघा.

मूळ झाड दक्षिण आफ्रिकेचं. रियुनियन बेटावर त्याची मोठी लागवड झाली आणि तिथल्या तेलाला ‘बोर्बन’ हे नाव पडलं. आपल्याकडे ते आधी नीलगिरी आणि कोडाईकॅनॉलच्या थंड डोंगरांवर रुजलं. लखनौच्या सीमॅप या संस्थेने मैदानी भागात घेता येतील असे वाण आणि रोपं टिकवण्याच्या स्वस्त पद्धती दिल्या, त्यामुळे गेल्या काही वर्षांत नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूरकडच्या शेतकऱ्यांनीही लागवड केली. रोपं घ्यायची तर अशा शेतावरून किंवा सुगंधी वनस्पतींच्या नर्सरीतून घ्या आणि वाणाचं नाव बिलावर लिहून मागा. घोडबंदर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत कधीकधी सुवासिक जात मिळते, पण तिथे वाण कोणालाच ठाऊक नसतो.

पावसातून रोपं जगवणं

जिरेनियमला कोरडी, बेताची थंड हवा आणि पाण्याचा निचरा लागतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उन्हापेक्षा ही ओल झाडाला जास्त मारते. मुळाशी पाणी दोन दिवस साचलं की बुरशी लागते, खोड जमिनीलगत काळं आणि मऊ पडतं, वरची पानं हिरवी असतानाच मान टाकतात. तशा झाडाला पाणी कमी पडलंय असं समजून आणखी पाणी घालणं ही नेहमीची चूक. खोडाचा काळा भाग दिसला की ते रोप पिशवीसकट बाजूला काढा आणि ती माती पुन्हा वापरू नका.

म्हणून इकडे वर्षाचं गणित असं बसतं: पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर लागवड, फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिली कापणी, मेअखेर दुसरी, आणि जूनच्या आधी पुढच्या छाटकलमांसाठी निवडलेली मातृरोपं आडोशाला. कोरड्या भागात हेच झाड तीनेक वर्षं उत्पन्न देतं. ठाण्यात मात्र ते हंगामी पीक धरा आणि दरवर्षी छाटकलमं नवी करा. मुरबाड, शहापूर, कर्जतकडे जमीन असेल तरी हाच हिशेब लागू. तिथे उतारावरच्या मुरमाड जमिनीत फूटभर उंचीचे गादीवाफे केले तर हिवाळी हंगाम चांगला जातो, पण पावसात उघड्यावर ठेवलेली रोपं वाचतील या आशेवर राहू नका.

छाटकलमासाठी शेंड्याकडची, तीन-चार पेरांची, १० ते १५ सेंटीमीटरची काडी घ्या. काडी वाकवल्यावर कट्कन मोडायला हवी. नुसती वाकत असेल तर कोवळी, मोडताना साल लोंबत असेल तर जून. पेराच्या लगेच खाली धारदार, पुसलेल्या पात्याने तिरका काप द्या, खालची पानं काढा, वर दोन-तीन ठेवा. काप दिलेल्या काड्या लगेच मातीत खोचू नका. चार-पाच तास सावलीत पसरून ठेवल्या की कापाचं तोंड सुकतं आणि कुज कमी होते. मग धुतलेली वाळू आणि कोकोपीट समान घेऊन त्यात दोन पेरं आत जातील अशी लावा. वरून रोज फवारा मारायची गरज नाही. आपल्या हवेत दमटपणा आयताच असतो. माध्यम बोटाला ओलसर लागावं, मुठीत दाबल्यावर पाणी निथळू नये. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात.

नंतर १२ इंची ग्रो बॅग: चार भाग माती, तीन भाग वाळू किंवा कोकोपीट, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, वर मूठभर निंबोळी पेंड आणि चमचाभर ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी). तळाला किमान सहा भोकं हवीत आणि पिशवी विटांवर उचलून ठेवलेली हवी, नाहीतर गच्चीवर थेट टेकलेल्या पिशवीची भोकं बुजतात. दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळायला हवं. उत्तरेकडच्या बाल्कनीत झाड जगेल, पण लांबट होईल आणि तेल धरणार नाही. नत्राचा मारा करू नका. जीवामृत किंवा शेणस्लरी पंधरा दिवसांनी एकदा पुरे. भरमसाट खताने पानं मोठी, लुसलुशीत आणि पाणचट होतात, वजन वाढतं, तेल वाढत नाही.

पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी हे गच्चीवरचे नेहमीचे पाहुणे. निंबोळी तेल पाच मिली आणि साबणाचं पाणी दोन मिली, एक लिटर पाण्यात, संध्याकाळी फवारा. कापणीच्या आधी पंधरा दिवस मात्र हे बंद. कडुलिंबाचा वास पानावर राहिला तर तो तेलातही उतरतो, आणि नंतर कशानेही जात नाही.

चांगल्या वाढलेल्या पिशवीतून एका कापणीला पाव किलो पाला धरून चाला. म्हणजे तीन किलोच्या एका खेपेसाठी बारा पिशव्या. ज्यांना एवढी जागा नाही, त्यांनी पाला विकत आणावा.

कापायचं कधी, आणायचं कसं

लागवडीनंतर साधारण चार महिन्यांनी खालची पानं फिकट व्हायला लागतात, तुरळक कळ्या दिसतात, आणि पानाचा वास बदलतो. आधी तो लिंबासारखा तीक्ष्ण असतो, मग गोडसर गुलाबी होत जातो. हा बदल रोज एक पान चुरडून टिपता येतो, आणि कॅलेंडरपेक्षा तो जास्त भरवशाचा आहे. लिंबाचा वास असतानाच कापलं तर तेल कमी आणि हिरवट येतं. फार थांबलं की खालची पानं गळतात आणि काड्या लाकडासारख्या होतात. काडीत तेल जवळपास नसतंच. ते असतं पानावरच्या आणि कोवळ्या देठावरच्या बारीक लवेच्या टोकांशी, इवल्या ग्रंथींत. भिंगातून बघितलं तर त्या काचेच्या मण्यांसारख्या चमकतात.

दव उडाल्यावर, सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान कापा. अवकाळी पाऊस येऊन गेला असेल तर दोन कोरडे दिवस जाऊ द्या. जमिनीपासून १५ ते २० सेंटीमीटर ठेवून वरचा भाग घ्या आणि झाडावर थोडी पानं राहू द्या. पूर्ण बोडकं केलेलं झाड मे महिन्याच्या उन्हात फुटत नाही. बारीक चिरण्याची गरज नाही. ग्रंथी पृष्ठभागावरच असल्यामुळे वाफ त्यांच्यापर्यंत पोहोचतेच, उलट चिरताना जो छान वास घरभर पसरतो तो तुमचा माल असतो.

नाशिक किंवा जुन्नरकडून पाला आणणार असाल तर एकच गोष्ट जपा: तो गोणीत दाबून भरू देऊ नका. दाबलेला हिरवा पाला काही तासांत आतून तापतो, घाम धरतो आणि आंबायला लागतो. गोणीत हात खुपसला आणि आत उबदार लागलं की समजा, तेवढं तेल बिघडलं. जाळीदार प्लास्टिक क्रेट, सैल भरलेले, रात्रीचा प्रवास, पहाटे पोच. आल्याबरोबर सावलीत, वारं खेळेल अशा जागी, चार बोटांपेक्षा जाड थर होणार नाही असा पसरा.

१२ ते २४ तास असा मलूल केलेला पाला भांड्यात जास्त मावतो आणि वाफ त्यातून नीट जाते. त्यापुढे ठेवू नका. आपल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी पांढरी बुरशी दिसू शकते. मलूल झाल्यावर वजन चांगलंच उतरतं, म्हणून वजन कापल्याबरोबर करून वहीत लिहा आणि उताऱ्याचा, म्हणजे किती पाल्यातून किती तेल निघालं याचा, हिशेब त्याच ताज्या वजनावर मांडा. पाला ताजा तोलून पैसे दिले आणि तेलाची टक्केवारी मात्र सुकलेल्या वजनावर काढली, असं केलं की उतारा भरघोस दिसतो आणि पुढचे सगळे अंदाज चुकतात.

भांडं, नळी, विलगक

घरगुती भट्टीचे चार भाग: भांडं, त्यात पाल्याखालची जाळी, कंडेन्सर, आणि तेल-पाणी वेगळं करणारा विलगक.

भांडं २० लिटरचं, ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचं. तांबंही चालतं, पण कल्हई आणि साफसफाई सांभाळावी लागते. लोखंड आणि ॲल्युमिनियम नको. तेलाचा रंग बिघडतो. जाळी तळापासून इतकी उंच हवी की पाच-सहा लिटर पाणी उकळलं तरी उसळून पाल्याला लागणार नाही. ही उंची किरकोळ वाटते, पण तेलाचा दर्जा बराचसा इथेच ठरतो. जिरेनियमच्या गुलाबी वासामागे सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल असतात, आणि त्यांच्या बरोबरीला सिट्रोनेलिल फॉर्मेटसारखी एस्टरं. पाला उकळत्या पाण्यात बुडाला तर ही एस्टरं पाण्याशी क्रिया होऊन तुटतात आणि वासाची फळासारखी गोडी जाते. आणि पाणी आटून पाला तळाला लागला तर करपट वास येतो, तो कायमचा. म्हणून पाणी खाली, पाला वर, मधून फक्त वाफ.

झाकणाला सिलिकॉनची गॅस्केट असेल तर ती फक्त जिरेनियमसाठी राखून ठेवा, कारण सिलिकॉन वास धरून ठेवतं. त्यापेक्षा कणीक बरी: घट्ट मळलेल्या पिठाची वळी झाकणाच्या कडेने दाबून बसवा. तापल्यावर ती सुकून बंद होते, आणि कुठे वाफ निसटली तर बोटाने चिमूटभर कणीक लावून जागा बुजवता येते. भांड्याला कुठेही झडप लावून वाफ कोंडू नका. भांड्यापासून विलगकापर्यंतची वाट कायम उघडी असली पाहिजे. एखादं पान नळीच्या तोंडाशी अडकून दाब चढू नये म्हणून झाकणाखाली स्टीलची चाळणी बसवा.

रबरी नळी कुठेही वापरू नका. स्टील, काच, फार तर टेफ्लॉन. वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे भागातल्या फॅब्रिकेटरकडून भांडं करून घेताना सांधे आतून घासून गुळगुळीत करायला सांगा, खडबडीत वेल्डिंगमध्ये जुनं तेल आणि राळ साठते.

कंडेन्सरला लागणारं थंड पाणी लोक फार कमी धरतात. तासाला एक लिटर अर्क (गार झालेल्या वाफेचं पाणी आणि त्यातलं तेल) पडत असेल तर तीन तासांच्या खेपेत १०० लिटरच्या ड्रममधलं फिरतं पाणी जवळजवळ १८ अंशांनी तापतं. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी आधीच कोमट, त्यात ही भर पडली की शेवटच्या तासात कंडेन्सर नावालाच उरतो. त्यावर सोपा उपाय: २०० लिटरचा ड्रम रात्री भरून सावलीत ठेवा, लहान पंपाने पाणी फिरवा आणि खेप पहाटे लावा. दीड तासाने निम्मं पाणी बदललं तर उत्तम. हे पाणी स्वच्छच असतं, थंड झाल्यावर झाडांना घाला. भांड्यात मात्र नळाचं पाणी घ्या, रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडालेलं. बोअरच्या जड पाण्याने तळाला क्षार धरतात.

पहिल्या दोन खेपा गवती चहाच्या

जिरेनियमचा महाग पाला हात बसवण्यात घालवू नका. गवती चहा बाजारात स्वस्त मिळतो आणि तेल तिप्पट-चौपट देतो. तीन किलोतून दहा ग्रॅमच्या आसपास. गळती कुठे होते, पाणी किती लागतं, आच कुठे ठेवायची, थेंबांचा वेग केवढा, हे सगळं दोन खेपांत कळतं. नंतर भांडं, जाळी, नळी घासून नुसत्या पाण्याची अर्धा तास वाफ सोडा आणि बाहेर पडणारं पाणी हुंगा. लिंबाचा वास संपेपर्यंत हे करत राहा. गॅस्केट बदला किंवा कणीक वापरा.

प्रत्यक्ष खेप

भांड्यात सहा लिटर पाणी, वर जाळी. पाला हाताने सैल पसरत भरा, मग तळहाताने बेताने दाबा. फार सैल ठेवला तर वाफ एका पोकळीतून निघून जाते आणि बाजूचा पाला कच्चाच राहतो. ठासून भरला तर वाफेला वाट मिळत नाही. कडेकडेने दाबायला विसरू नका, पोकळी तिथेच पडते. वर चार बोटं जागा सोडा.

झाकण, कणीक, नळी जोडली, कंडेन्सरचं पाणी आधी सुरू केलं, मगच आच. १,५०० वॅटच्या विजेच्या शेगडीवर अर्ध्या-पाऊण तासात झाकणाची नळी हाताला गरम लागते आणि पहिला थेंब पडतो. या क्षणी आच निम्मी करा, ८०० वॅटच्या आसपास. सुरुवातीच्या उत्साहात पूर्ण आच ठेवली तर पाण्याचे तुषार वाफेबरोबर वर जातात, अर्क दुधाळ होतो आणि तेल पाण्यातून वेगळं व्हायला तयार होत नाही. अर्कासाठी तासाला एक ते सव्वा लिटर हा वेग धरा. धार लागता कामा नये, लागोपाठ थेंब पडावेत.

बाहेर येणारा अर्क बोटाला जेमतेम कोमट लागावा. गरम लागला तर तेलाचा काही भाग वाफेतून खोलीत चाललाय. खोलीत गुलाबाचा घमघमाट सुटला की कंडेन्सर तपासायची वेळ झाली असं समजा. फार गारठलेला अर्कही नको, तेलाचे बारीक थेंब एकमेकांत मिसळायला वेळ लावतात.

तेल मुख्यतः पहिल्या दोन तासांत येतं. तरीही तीन तास पूर्ण करा, कारण जड घटक उशिरा उतरतात आणि सुगंधाला टिकाऊपणा त्यांच्यामुळे येतो. तिसऱ्या तासाच्या शेवटी एका चमच्यात अर्क धरून उजेडात तिरका करा. पृष्ठभागावर तेलाचा तवंग दिसला नाही की थांबायचं. त्यापुढे विजेचा खर्च होतो, तेल येत नाही. भांड्यात दीड-दोन लिटर पाणी उरलेलं असायलाच हवं. तीन तासांत जेवढं आटेल त्याच्या दीडपट सुरुवातीला भरलं तर ही काळजी राहत नाही.

आच बंद केल्यावर विलगक लगेच वेगळा करा, नाहीतर थंड होणारं भांडं नळीतून अर्क आत ओढून घेतं. झाकण वीस मिनिटांनंतर, स्वतःपासून लांब कलवून उघडा. वाफेचा चटका वाईट असतो. खोलीत खेळती हवा हवी, आणि सुरू भट्टी सोडून कुठेही जायचं नाही. सोसायटीच्या गच्चीवर लावणार असाल तर कमिटीची लेखी परवानगी आधी घ्या.

पाण्यातलं तेल

जिरेनियमचं तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वर तरंगतं. तीन-चार मिली तेल रुंद पातेल्यात घेतलं तर ते भिंतीला चिकटूनच संपेल. विलगक अरुंद मानेचा हवा. काचेचं ५०० मिलीचं सेपरेटिंग फनेल किंवा तळातून वाकडी नळी बाहेर आलेला फ्लोरेंटाइन प्रकार. तेल मानेत चढून उंच पट्टी दिसते, तेवढीच नेमकी काढता येते.

लिनालूल, जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल यांना पाण्याची थोडी ओढ असते, त्यामुळे त्यांचा काही भाग पाण्यात विरघळून राहतो. गवती चहाच्या मानाने जिरेनियममध्ये हे नुकसान ठळक. म्हणून तेल काढून उरलेलं अर्काचं पाणी टाकायचं नाही, ते पुढच्या खेपेला भांड्यात साध्या पाण्याच्या जागी भरायचं. मोठ्या भट्ट्यांत हे पाणी नळीने सतत परत फिरवतात. घरी एका खेपेचं पाणी दुसऱ्या खेपेला एवढं पुरतं. आधीच तेल विरघळलेल्या पाण्यात नव्या पाल्यातलं तेल कमी विरघळतं, हा यातला खरा फायदा. परत घालायचं ते फक्त वाफेतून आलेलं स्वच्छ पाणी. भांड्याच्या तळाशी उरलेलं तपकिरी पाणी कधीही नाही. ते गार करून कंपोस्टवर ओता, चोथाही तिथेच.

विलगकात तेल आणि पाण्याच्या मध्ये दुधाळ थर अडून बसला असेल तर एक रात्र स्थिर ठेवा. तरीही सुटला नाही तर दर १०० मिलीला १५-२० ग्रॅम साधं मीठ विरघळवा. मिठाच्या पाण्यात तेल टिकत नाही, वर येतं. मात्र मीठ घातलेलं पाणी ना भांड्यात परत जातं, ना चेहऱ्यावर मारायच्या हायड्रोसोलमध्ये, म्हणजे तेल काढून उरलेल्या सुगंधी पाण्यात. म्हणून हा उपाय त्या थोड्या दुधाळ भागापुरताच.

पाण्यातून मागाहून मिळालेलं तेल वासाला थोडं वेगळं असतं, त्यात अल्कोहोल गटातले घटक जास्त आणि हलके घटक कमी. ते पहिल्या तेलात मिसळलं तरच पानाचा पूर्ण वास मिळतो. वेगळ्या बाटलीत ठेवायचं असेल तर तसं लिहून ठेवा, आणि पहिल्या तेलाच्या नावाने विकू नका.

हायड्रोसोल हवं असेल तर हंगामातल्या शेवटच्या खेपेचं पाणी त्यासाठी राखा. उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये. बाहेर ठेवलेल्या बाटलीत आपल्या हवेत लवकरच बारीक तंतू तरंगताना दिसतात. ते दिसले की ओतून द्या.

ताजं तेल नाकाला का खटकतं

पहिली खेप काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की काहीतरी बिघडलं. गुलाबाच्या आधी उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. हा डायमिथाइल सल्फाइडचा प्रताप, आणि तो अतिशय उडून जाणारा असतो. तेलातून पाण्याचे थेंब काढून टाका: ड्रॉपरने उचला, किंवा दर दहा मिलीला एक ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट घालून रात्रभर ठेवा आणि फिल्टर कागदातून गाळा. मग काचेच्या भांड्याच्या तोंडाला पातळ मलमल बांधून एक दिवस सावलीत ठेवा, अधूनमधून हलवा. कोबी जातो, गुलाब राहतो. त्यानंतरही करपट, आंबूस किंवा कुबट वास राहिला तर मात्र कारण खेपेत शोधा: करपट म्हणजे पाला तळाला किंवा कडेला लागला, आंबूस म्हणजे गोणीत तापला, कुबट म्हणजे मलूल करताना बुरशी आली.

रंग फिकट पिवळ्यापासून हिरवट-अंबरपर्यंत कसाही असू शकतो. गडद तपकिरी असेल तर भांड्याचा धातू किंवा जुनी राळ बघा.

पूर्ण सुवास यायला दोन-तीन आठवडे मुरू द्या. बाटली गडद तपकिरी काचेची, काठोकाठ भरलेली. अर्धी रिकामी बाटली म्हणजे हवेशी संपर्क. रबरी फुग्याचा ड्रॉपर बाटलीवर कायम लावून ठेवू नका, तेलाच्या वाफेने रबर चिकट होऊन आत उतरतं. प्लास्टिकच्या बाटल्याही नकोत.

भेसळ आणि तपासणी

विकत घेतलेलं तेल पडताळायचं असेल तर दोन गोष्टी घरी करता येतात. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. दिवसभराने तेलकट डाग तसाच राहिला तर त्यात खाद्यतेल मिसळलंय. आणि दहा मिली नेमकं मोजून ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला: शुद्ध जिरेनियम पावणेनऊ ते नऊ ग्रॅमच्या दरम्यान भरतं.

रोशा गवताच्या तेलाची भेसळ या दोन्ही चाचण्यांत सापडत नाही. त्यात जिरॅनिऑल भरपूर, किंमत बरीच कमी. आपल्या खानदेशातलं हे रोशा तेल एकेकाळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. युरोपात त्याला जिरेनियमच्याच नावाने ओळखायचे. ही भेसळ पकडायला गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी, लागते. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात ही चाचणी करणाऱ्या खासगी प्रयोगशाळा आहेत. अहवालात सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल यांचं प्रमाण बघा, आणि आयसोमेंथोन आहे का ते बघा. जिरॅनिऑल अफाट, सिट्रोनेलॉल नगण्य आणि आयसोमेंथोनचा पत्ता नाही, असा नमुना परत करा.

‘सेंद्रिय’ लिहिण्याआधी

रसायनं न वापरणं आणि प्रमाणित सेंद्रिय असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गच्चीवर वाढवून घरात वापरायचं असेल तर प्रश्नच नाही. सेंद्रिय म्हणून विकायचं असेल तर एनपीओपी (केंद्राचा सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) किंवा पीजीएस-इंडिया (शेतकरी गटांनी एकमेकांची तपासणी करण्याची पद्धत) याखालचं प्रमाणपत्र लागतं. एनपीओपीत शेताला रूपांतरणाचा काळ पूर्ण करावा लागतो, हंगामी पिकांना दोन वर्षं आणि बहुवार्षिक पिकांना तीन. शेत प्रमाणित असून तेल तुमच्या गाळ्यात काढणार असाल तर गाळ्यातली प्रक्रियाही प्रमाणपत्राच्या कक्षेत यावी लागते. त्याच भांड्यात बाहेरचा फवारलेला पाला काढला की साखळी तुटली. एनपीओपी चालवणाऱ्या अपेडाचं, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाचं, विभागीय कार्यालय वाशीत आहे, प्रमाणन संस्थांची यादी तिथून मिळते. त्वचेला किंवा केसांना लावायचं उत्पादन म्हणून विकलं तर ते सौंदर्यप्रसाधन ठरतं आणि एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) परवाना लागतो. ठाण्यात त्यांचं कार्यालय आहे, बाटल्या आणि लेबलं छापून घेण्याआधी तिथे जाऊन या.

लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, पाल्याचं गाव, कापणीचा महिना, खेप क्रमांक, निव्वळ वजन. वहीत त्याच खेपेसमोर ताजं वजन, मलूल वजन, पहिल्या थेंबाची वेळ, एकूण वेळ, पहिलं तेल, पाण्यातलं तेल. आणि लेबलवर एक ओळ ठळक हवी: तेल थेट त्वचेवर लावू नये, पिऊ नये. खोबरेल किंवा बदाम तेलाच्या १०० मिलीत एक मिली, आणि कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघायची.